लाल पट्टीतला तिरका टाइप
फ्युचुरा हा टाइप पॉल रेनर यांनी आखला. फ्रँकफर्टच्या बाउअर फाउंड्रीने तो १९२७ मध्ये बाजारात आणला. त्याच्या कुटुंबातला बोल्ड ऑब्लिक, म्हणजे ठळक तिरका, माझा विशेष लाडका. सरळ अक्षर नुसतं उजवीकडे कललं, की गोल ‘ओ’ वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड होतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांत रोडावतो. ठळक टाइपात हे लगेच खुपतं. ते नजरेनंच सावरावं लागतं. आखणाऱ्याचा कस तिथं लागतो. मासिकांच्या मांडणीत हात बसलेल्या कलाकार बार्बरा क्रूगर यांनी १९८० च्या दशकात हाच टाइप लाल पट्टीत, कृष्णधवल छायाचित्रांवर आणला. वॉशिंग्टनमधल्या १९८९ च्या गर्भपात-हक्क मोर्चाचं त्यांचं पोस्टर त्याच घडणीचं. न्यूयॉर्कच्या सुप्रीम या कपड्यांच्या दुकानाची तशीच लाल पाटी नंतरची. माझ्या मते या टाइपाला आवाज दिला तो क्रूगर यांनीच.