ओरखड्यांची साक्ष

जुन्या खेळण्यांच्या बाजारात खोका उघडलेला नसला की किंमत चढते. खाच असलेल्या ट्रॅकवर विजेने पळणाऱ्या छोट्या गाड्यांना, म्हणजे स्लॉट कारनाही, हीच फूटपट्टी लावली जाते. बाजाराचं गणित काहीही असो, या खेळाचा इतिहास बंद खोक्यात फार थोडा उरतो. तो खरा सापडतो चालून चालून झिजलेल्या गाडीत.

इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांची मिनिमॉडेल्स ही कंपनी १९५२पासून 'स्केलेक्स' नावाच्या पत्र्याच्या, स्प्रिंगवर पळणाऱ्या गाड्या विकत होती. गाडी एकदा हातातून सुटली की पुढचं तिचं तिने बघायचं. काही वर्षांत मागणी ओसरली, तेव्हा फ्रान्सिस यांनी त्याच पत्र्याच्या अंगात विजेची मोटर बसवली, रबरी ट्रॅकमध्ये खाच ठेवली, खाचेलगत वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या घातल्या आणि जानेवारी १९५७मध्ये हॅरोगेटच्या प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' मांडलं. खेळणाऱ्याच्या हाती आलं ते साधं बटण, दाबलं की वीज चालू, सोडलं की बंद. सरळ रस्त्यावर ते दाबून धरायचं, वळणाच्या जरा अलीकडे सोडायचं. क्षणभर उशीर झाला की गाडी खाच सोडून बाहेर. म्हणजे कारखान्यातून जे बाहेर पडलं ते अर्धंच खेळणं होतं. उरलेलं अर्धं खेळणाऱ्याच्या अंगठ्यात होतं, आणि बंद खोका त्याबद्दल एक अक्षर सांगत नाही.

अमेरिकेत तर खोक्याचा निकष पारच तोकडा पडतो. साठच्या दशकाच्या मध्याला तिथे गावोगावी भाड्याने वेळ देणारे मोठे, अनेक पदरी ट्रॅक उभे राहिले. लोक पितळेच्या पट्ट्या आणि पियानोची तार डाखून स्वतःच गाड्यांचे सांगाडे बनवत आणि ते घेऊन शर्यतीला येत. दशक संपता संपता यातले बहुतेक ट्रॅक बंद पडले. हाताने डाखलेल्या सांगाड्याला मुळात खोकाच नव्हता. मग खोक्यावरून मोल ठरवणाऱ्या संग्रहात त्याला जागा कोण देणार?

यावर संग्राहकांचा आक्षेप रास्त आहे. मूळ रंग, छापील पत्रक, सुट्या भागांची मांडणी यांवरून गाडीचा काळ ठरतो, आणि गाडी चालवली की हा पुरावा झिजतो. म्हणून काही गाड्या बंद राहाव्यात, हे मान्यच. पण त्या सांगतात कारखान्याची गोष्ट, खेळाची नव्हे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ओरखड्यांवर माया करणं म्हणजे निव्वळ स्मरणरंजन. मला नेमकं उलट वाटतं. स्मरणरंजनाला आठवतात जिंकलेल्या शर्यती. गाडी उलटी करून पाहिली तर पोटाखालची, पट्ट्यांवरून वीज घेणारी तांब्याची वेणी विस्कटलेली असते, मागचे टायर कडक झालेले असतात, बाजूचा आरसा तुटलेला असतो. ट्रॅकच्या पट्ट्यांवर गंज असतो. वेणी विंचरणं, पट्ट्या घासणं, पडलेली गाडी पुन्हा खाचेत ठेवणं यांतच खेळाचा केवढा वेळ गेला, हे गोड आठवण विसरते. गाडी विसरत नाही.

म्हणून घरातली जुनी गाडी जपायची, तर आधी तिला नव्याने रंगवण्याचा मोह आवरावा. ती कोणाची, कोणत्या वळणावर हटकून पडायची, मोटर कोणी बदलली, हे सांगणारी माणसं आहेत तोवर एका चिठ्ठीवर लिहून घ्यावं आणि चिठ्ठी गाडीसोबत त्याच डब्यात ठेवावी.