लाखाची गाडी



आमच्या घरी एक जुनी चारचाकी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आमच्या दारात आली तेव्हाच तिचे तीन मालक होऊन गेले होते. त्यात कंपनीला काय बोल लावायचा? रात्री ती उतारावर लावावी लागते, म्हणजे सकाळी चालू नाही झाली तर ढकलायला सोपं. केजच्या स्टँडवरचे जीपवाले मला बघितलं की म्हणतात, "वहिनी, धक्का मारायला माणूस देऊ का?" बाई चालवते म्हणून एकदा हसतात, गाडी असली म्हणून दुसऱ्यांदा. गेल्या पावसाळ्यात जाऊबाईला रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या, तेव्हा दुसरं वाहन मिळेना. अंबाजोगाईच्या दवाखान्यापर्यंत हीच गाडी गेली. वाटेत दोनदा बंद पडली, तेही सांगते. खोटं कशाला बोलू?

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात आहे, की गरिबाला परवडंल अशी गाडी कुणी केलीच नाही का? केली होती. आपल्याच महाराष्ट्रात, आणि दोनदा.

पहिली इचलकरंजीला. शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ, शिक्षण जेमतेम. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी स्वतःच्या हिकमतीवर छोटी मोटार बनवली आणि नाव ठेवलं मीरा. पुढची पंचवीसएक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. किंमत सुमारे 12 हजार रुपये ठेवायचा विचार होता. पण त्या काळी मोटारीचा कारखाना काढायचा तर सरकारी परवाना लागायचा, आणि तो काही पदरात पडला नाही. मीरा रस्त्यावर फिरली, लोकांनी पाहिली, पण बाजारात विकायला आली नाही. चांगली की वाईट, हे ठरवायची वेळच कुणावर आली नाही.

दुसरी नॅनो. ही तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. एका स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन लेकरं भिजत चाललेली बघून रतन टाटांच्या मनात ही गाडी आली, असं ते सांगायचे. आपल्याकडं तर हे चित्र बारा महिने दिसतं. पुढं टाकीवर एक लेकरू, मधे दुसरं, मागं बाई पदर दातात धरून. बीड शहरात रेल्वे यायला 2025 उजाडलं, तोवर एसटी, जीप नाहीतर दुचाकी.

गाडी घडवणाऱ्या इंजिनिअरांचे प्रमुख होते गिरीश वाघ, आणि बरंचसं काम पुण्यात झालं. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत गाडी लोकांना दाखवली, 23 मार्च 2009 ला मुंबईत बाजारात आणली. कारखान्यातून निघताना किंमत एक लाख. पैसा वाचवायला त्यांनी काय काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. काच पुसायला एकच वायपर. चाकाला तीनच नट. सगळ्यात साध्या गाडीला एसी नाही. इंजिन मागच्या बाजूला, दोनच सिलिंडरचं. मागचं दार उघडतच नव्हतं, सामान ठेवायचं तर आतून सीट पाडून. आपण सणाला पाहुणे वाढले की आमटी वाढवतो तसं नव्हतं ते, एकेक वस्तू तोलून ठरवलेली होती.

सुरुवातीला दोन लाखांवर लोकांनी पैसे भरले, सोडत काढावी लागली. पण बंगालमधल्या सिंगूरला शेतकऱ्यांच्या जमिनीवरून आंदोलन झालं आणि कंपनीनं तिथून 2008 मध्ये काढता पाय घेतला. (त्या आंदोलनात बाया पुढं होत्या. जमिनीचा विषय आपल्याला काही नवा नाही.) गुजरातमध्ये साणंदचा कारखाना सुरू व्हायला जून 2010 आला. तोवर मार्चमध्ये मुंबईत एक कोरी गाडी शोरूममधून घरी नेताना पेटली. आणखीही काही पेटल्या. कंपनी म्हणाली, रचनेत खोट नाही, तरी फुकट जास्तीची सुरक्षा बसवून देतो. लोक कशाला ऐकतात! नोव्हेंबर 2010 मध्ये अख्ख्या देशात 509 गाड्या विकल्या गेल्या.

पण माझ्या मते आगीपेक्षा जास्त घात केला तो नावानं. जगातली सगळ्यात स्वस्त गाडी, असा डंका पिटला गेला. आता सांगा, लेकीच्या सासरी सगळ्यात स्वस्त गाडीतून कोण जाईल? साडी हजाराची असली तरी आपण किंमतीची चिठ्ठी काढून नेसतो. इथं तर चिठ्ठी गाडीच्या कपाळावर होती. ज्याच्यासाठी गाडी केली त्यालाच तिच्यात बसायची लाज वाटली, त्यानं जुनी का होईना दुसरी घेतली. स्वस्त म्हणून विकणं चुकलं, हे टाटांनी स्वतः पुढं कबूल केलं.

आणि चालवणाऱ्यांचा न्याय बघा. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगानं आपटून पाहिल्या. नॅनोला सुरक्षेचा एकही तारा मिळाला नाही. पण बाकीच्या चौघींनाही शून्यच मिळालं. त्यात अल्टो होती, आय टेन होती, फिगो होती आणि परदेशी नावाची पोलोसुद्धा. हवेची पिशवी एकीतही नव्हती. डबडं म्हणून हिणवलं मात्र एकटीला. बाकीच्यांत बसून लोक ऐटीत लग्नाला गेले. आणि दुचाकीवरच्या त्या चौघांच्या डोक्यावर तर पत्राही नसतो, त्यांना तारे कोण देणार?

साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढायला उभारला होता. जून 2018 मध्ये महिनाभरात तिथं एक नॅनो तयार झाली. एकच. मग बंदच झाली.

आता गटातल्या दोघींनी मला विचारलंय, जुनी छोटी गाडी घ्यावी का, कर्ज काढावं का. मी हो म्हणाले नाही, नको पण म्हणाले नाही. घ्यायची तर दुपारी बघू नका. पहाटे जा, इंजिन गार असताना चालू करून बघा, कारण तापलेली गाडी विकणारा मुद्दाम दाखवतो. मागच्या बाजूचे वायर आणि नळ्या उघड्या पडल्यात का ते मिस्त्रीला दाखवा, मिस्त्री आपला न्या, त्याचा नको. कागदावरचा मालक आणि समोरचा माणूस एकच आहे ना ते बघा. आणि हप्त्याशिवाय महिन्याला हजार रुपये दुरुस्तीला बाजूला पडतात का, ते गटाच्या वहीत मांडून बघा. आमच्या घरचा गेल्या वर्षीचा हिशोब मी लिहून ठेवलाय, बॅटरी, दोन टायर, क्लच सगळं धरून. मंगळवारच्या बैठकीला वही आणते. गाडीनं मनावर घेतलं तर वेळेवर येईन.