मालवण किनाऱ्यावरील तेलाची कुळकथा

मालवण-वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात मोहरीला मान आहे तो फोडणीपुरता. तेल तापले, त्यात चार दाणे तडतडले, की तिचे काम संपले. त्याच मोहरीचे तेल काढून त्यात मासळी तळणे बंगाली गृहिणीला जितके स्वाभाविक, तितकेच मालवणी गृहिणीला चमत्कारिक वाटते. मासळी दोघींचीही आवडती. तेल मात्र निराळे. हा भेद केवळ जिभेचा नव्हे. त्याच्या मुळाशी जमीन, हवा आणि पाणी ही आहेत. आणि प्रत्येक प्रांताने आपले तेल आपल्याच भूमीतून काढावे, अशी जी जुनी व्यवस्था होती, तिचा इतिहास आहे.

मोहरी हे रब्बीचे पीक होय. तिला कोरडी थंडी मानवते. जमिनीत ओल टिकून राहिली तर एकदोन पाण्यांवर ती हाती येते. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश ह्या प्रांतांत हा योग जुळून आला आहे. दक्षिण कोकणात पाऊस मुबलक, परंतु तो चार महिन्यांत पडून जातो व जांभ्याच्या जमिनीतून झिरपून नाहीसा होतो. थंडी बेताची आणि हवा दमट. तेव्हा ह्या किनाऱ्याने तेलासाठी शेतापेक्षा झाडांवर अधिक भिस्त ठेवली, ह्यात नवल नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत थोडे तीळ व कारळे होत. बाकी भार माड, उंडी आणि भिरंड, म्हणजेच कोकम, ह्या तीन वृक्षांवर असे.

ह्या तिन्ही तेलांची नावे एकाच साच्यातली आहेत : खोबरेल, उंडेल, भिरंडेल. परंतु प्रत्येकाचे काम वेगळे ठरलेले होते. खोबरेल हे खाण्याचे आणि डोक्याला लावण्याचे. उंडेल हिरवट, कडू आणि उग्र वासाचे. ते पोटात घ्यावयाचे नव्हे. ते दिव्यात जळे आणि होडीच्या लाकडाला चोपडले जाई. भिरंडेल थंडीत थिजून घट्ट होते. त्याचे गोळे घरोघर ठेवलेले असत आणि पायांच्या भेगांवर ते ऊन करून लावीत. उजेड, अन्न, औषध आणि दर्यावर्दी धंदा ह्या चारही गरजा गावाच्या सीमेतच भागत असत.

तेल काढण्याचे साधन म्हणजे बैलाचा घाणा. उखळात लाट फिरावयाची, बैलाच्या डोळ्यांना झापड बांधलेली आणि तेली मागून हाकीत असावयाचा. सुक्या खोबऱ्यात साठ-पासष्ट टक्के तेल असते. मोहरीच्या दाण्यात ते पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असते. घाण्यात सगळेच तेल निघत नसे. पुष्कळसे पेंडीत राहून जाई. पण ती पेंड गावातल्याच गुरांच्या दावणीत पडे, म्हणून तो तोटा गावाला तोटा वाटत नसे. पावसाळ्यात खोबरे वाळविणे कठीण. त्यामुळे घाण्याचा हंगाम मुख्यतः दिवाळीनंतर मृगापर्यंतचा.

ह्या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो दिव्याच्या बाजूने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी खनिज तेलाचे डबे मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागले. तेथून गलबते व आगबोटी ह्यांच्या वाटेने ते तेल किनाऱ्यावरच्या बंदरांत पोचले. 'घासलेट' आणि 'रॉकेल' हे शब्द मराठीत रुजले आणि पणतीच्या जागी चिमणी व कंदील आले. उंडेलाचे दिव्यातले स्थान गेले आणि उंडीच्या बिया झाडाखालीच कुजू लागल्या.

दुसरा धक्का चुलीजवळ बसला. विसाव्या शतकात घाटावर भुईमुगाची लागवड वाढली. त्याचे तेल घाट उतरून खाली येऊ लागले. १९३७ साली 'डालडा' बाजारात आले आणि वनस्पती तुपाचा पिवळा डबा शहरांतून गावांत शिरला. इकडे मुंबईच्या वाढत्या वस्तीला ओला नारळ हवा होता. खोबरे वाळवून, घाण्यात घालून तेल विकण्यापेक्षा असोला किंवा सोललेला नारळ विकणे बागायतदाराला सोयीचे झाले. माड उभे राहिले, पण घाण्याला खोबरे मिळेना. त्यातून मलबारात खोबऱ्याची रेलचेल. तिकडच्या मोठ्या व्यापारापुढे येथील तेल्याचा निभाव लागणे अवघडच होते.

ही स्थिती केवळ कोकणाची नव्हती. १९३४ साली वर्धा येथे गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याने हाती घेतलेल्या उद्योगांत तेलघाणी प्रमुख होती. मगनवाडीत झवेरभाई पटेल ह्यांनी जुन्या घाणीत सुधारणा करून अधिक तेल देणारी 'वर्धा घाणी' तयार केली. यंत्र सुधारले, परंतु घाणीला लागणारे बी गावात राहावे, ही जी पहिली अट, ती केवळ यंत्राने पुरी होण्यासारखी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर देशाने बियांच्या प्रश्नाकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष दिले, आणि येथे पुन्हा मोहरीची गाठ पडते. १९५०–५१ साली देशात मोहरी व तत्सम बियांचे उत्पादन साडेसात लाख टनांच्या आसपास होते. १९८५–८६ पर्यंत ते सुमारे २७ लाख टन झाले. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांसाठी खास तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. सुधारित वाण, हमीभाव, खरेदीची सोय आणि आयातीवर नियंत्रण अशी चौफेर तजवीज झाली. दहा-अकरा वर्षांत मोहरीचे उत्पादन ६६ लाख टनांपर्यंत चढले आणि १९९३ च्या सुमारास खाद्य तेलाच्या बाबतीत देश जवळजवळ स्वावलंबी झाला. ह्यालाच 'पीत क्रांती' म्हणतात.

परंतु १९९४ पासून पाम तेलाच्या आयातीवरील बंधने सैल झाली. मलेशिया व इंडोनेशिया येथील स्वस्त तेल बंदरांत उतरू लागले. मोहरीचे उत्पादन पुढेही वाढत जाऊन २०२३–२४ साली सव्वाशे लाख टनांच्या वर गेले. तरी देशाच्या गरजेचा अर्ध्याहून अधिक भाग आयातीने भागवावा लागतो. २०२२–२३ च्या तेल-वर्षात ही आयात सुमारे १६५ लाख टन होती. घासलेटाने जे उंडेलाचे केले, तेच मोठ्या प्रमाणावर देशाच्या तेलधंद्याच्या वाट्याला आले : दूरचे तेल स्वस्त पडले की जवळचे बी पेरणाऱ्याचा हात आखडतो.

खुद्द सिंधुदुर्गातही ह्या नव्या तेलाची चाचणी झाली. कुडाळ तालुक्यातील मुळदे येथील संशोधन केंद्रात तेलताडावर प्रयोग झाले. ह्या झाडाला बारमाही पाणी लागते आणि त्याचे घड उतरविल्यावर सुमारे एका दिवसात गिरणीत पोचावे लागतात. बागायत आणि गिरणी शेजारी शेजारी असल्यावाचून त्याचा संसार चालत नाही. जुन्या घाण्याचा नियमही हाच होता : जेथे बी, तेथे लाट.

राजस्थानच्या शेतकऱ्याला मोहरी सापडली, कारण ती त्याच्या मातीतली होती. हमीभावाने तिला नुसता आधार दिला. मालवणच्या किनाऱ्यावर माड, उंडी आणि भिरंड आजही उभी आहेत. त्यांना तसा आधार कधी फारसा लाभला नाही. देशाच्या तेलाचा हिशेब लाखो टनांत मांडला जातो, आणि तो तसा मांडावाही लागतो. परंतु त्या हिशेबाचा एक आकडा प्रत्येक घरातल्या बरणीतही लिहिला जातो. ती बरणी कोणत्या झाडाच्या किंवा कोणत्या शेताच्या तेलाने भरावयाची, हे ठरविताना गृहिणी आपल्या रुचीबरोबर आपल्या प्रांतातल्या कोणाचा तरी रोजगारही ठरवीत असते.