आमच्या वर्गाची हजेरी

२०२२ सालच्या मे महिन्यात पोयनाडला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी वर्गातला एक जण, आता पनवेलला राहतो. तो म्हणाला, "दहावी होऊन पंचेचाळीस वर्षं झाली रे आपल्याला. एकदा सगळ्यांना गोळा करू या." आजूबाजूला आणखी तिघं वर्गातले होते, त्यांनी माना डोलावल्या. काम कोणी करायचं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कारण सोपं होतं. बाकीचे नोकरीधंद्याला बाहेर गेले, मी गाव सोडलं नाही. भात लावतो, भातानंतर वाल पेरतो, तळ्यात जिताडे सोडतो. शाळा माझ्या घरापासून दीड मैल.

पहिली अडचण यादीची. नावं आठवून वहीत लिहायला बसलो तर सव्वीसवर गाडं अडलं. मग शाळेत गेलो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात शाळेचे पत्रे उडाले होते, जुनी रजिस्टरं भिजली होती. शिपायानं ती पंख्याखाली एकेक पान उलटून वाळवली होती. हेडसरांनी आमचं रजिस्टर काढून दिलं. पानं तांबूस झालेली, शाई पसरलेली, पण नावं लागत होती. एकूण अडतीस. सत्तावीस मुलगे, अकरा मुली. जन्मतारखा बघून हसू आलं. निम्म्याहून जास्त पोरं १ जूनला जन्मलेली! आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मग मास्तर शाळा उघडायच्या सुमाराची तारीख घालून मोकळे व्हायचे. माझीही तीच. जिल्ह्याच्या रकान्यात सगळीकडं 'कुलाबा'. रायगड हे नाव १९८१ च्या १ जानेवारीला मिळालं, आम्ही तोवर शाळेतून बाहेर पडलो होतो.

इथं मी वर्गातल्यांची नावं लिहीत नाही. माणसं हयात आहेत, नातवंडं वाचतील. हजेरीचे नंबर लिहितो. तेव्हाही सर नंबरानंच हाक मारायचे. मी सोळा. माझ्या बाकावर सतरा.

आमची दहावीची तिसरी तुकडी. त्याआधी अकरावीला मॅट्रिक असायचं. नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ ला झाली, आमची १९७७ ला. त्याच साली आणीबाणीनंतरची निवडणूक झाली आणि कुलाब्यातून दि. बा. पाटील लोकसभेवर गेले. गावागावात लाल बावटे लागले होते आणि आम्ही कंदिलाखाली भूमितीची प्रमेयं पाठ करत होतो. खारेपाटातली आम्ही पोरं बांधावरून शाळेत यायचो. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला भातशेती, मधी उघाडी. पावसात बांध निसरडा, चपला हातात धरायच्या. उधाणाला खांड गेली की दोन-चार दिवस शाळा बुडायची. मोठी माणसं चिखल टाकायला जायची, त्यांच्यामागून आम्ही.

आमच्यातल्या बहुतेकांच्या घरात दहावीपर्यंत गेलेला पहिला माणूस म्हणजे आम्हीच. आधीच्यांना शिकायची बुद्धी नव्हती असं नाही, सवड नव्हती. माझा आजा चरीच्या संपातला. १९३३ साली चरी-कोपर आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोत-सावकारांची शेतं कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. संप सहा वर्षं चालला, १९३९ पर्यंत. १९३४ च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले आणि १९३७ ला त्यांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. त्या सहा वर्षांत आजानं डोंगरातली लाकडं तोडून विकली, आजीनं चिंबोऱ्या पकडून पोरं जगवली. पुढं १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारा मालक झाला. सतरा नंबरचं गाव मांडव्याच्या बाजूला, समुद्राकडं. त्याच्या आजालाही त्याच कायद्यानं जमीन मिळाली. म्हणजे आम्ही दहावीला बसलो तेव्हा आमच्या घरातली मालकी वीस वर्षांची होती. एवढी ताजी.

यादी घेऊन फिरायला लागलो तसा मला एकेका नावामागं किनाऱ्याचा इतिहास दिसायला लागला. सात जण दहावीनंतर मुंबईला गिरणीत बदलीवर लागले. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, त्यातले पाच परत आले. एकानं रिक्षा घेतली, एकानं होडीवर खलाशी म्हणून काम धरलं. दोघं थळच्या खत कारखान्यात लागले आणि सुखानं निवृत्त झाले. एक जण महसूल खात्यात कारकून झाला. पंचवीस नंबरची मुलगी उरणकडं दिली. १९८४ च्या जानेवारीत जासई भागात न्हावाशेवा बंदराच्या जमिनीसाठी गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा तिचा सासरा मोर्चात होता. तो वाचला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. तिच्या घरात अजून त्याच फायली कपाटात आहेत.

मुली शोधणं सगळ्यात कठीण. लग्नात आडनाव बदलतं, पूर्वी नावही बदलायचं. रजिस्टरातलं नाव सासरी कोणालाच ठाऊक नाही. मी गौरी-गणपतीची वाट पाहिली. माहेरवाशिणी गावी येतात, तेव्हा घरोघर गेलो. आठ सापडल्या अशा. नववी अलिबागच्या मासळीबाजारात. पापलेट तोलता तोलता माझ्याकडं बघून म्हणाली, "सोला नंबर ना तू? अजून तसाच मान वाकडी करून चालतंस." दोघींचा पत्ता लागला नाही. मुलग्यांतले सहा वारलेले, त्यातला एक करोनात.

डिसेंबरापर्यंत वॉट्सअॅपवर गट झाला. बाहेरगावच्या मंडळींनी ठरवलं, शाळेत धूळ आहे, संडासाची सोय बरी नाही, आपण मांडव्याकडं एक बंगला दिवसभरासाठी भाड्यानं घेऊ. आता रो-रो बोटीनं मुंबईची मंडळी गाडीसकट येते, असे बंगले तिकडं ढिगानं झालेत. आगाऊ पैसेही भरले. मला काय, मी बरं म्हटलं. पत्ता नीट पाहिला नाही.

सतरा नंबरला आमंत्रण द्यायला गेलो. तो फोनच्या गटात नव्हता, त्याचा फोन साधा. अंगणात बसलो, चहा झाला. बंगल्याचं नाव सांगितलं तसा तो गप्प झाला. मग म्हणाला, "ज्या फाटकावं मी रात्रपाली करतंय, तिथंच पाव्हना बनून जेवाला येऊ काय मी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो बंगला त्याच्याच जमिनीवर होता. आणि ती जमीन विकताना साक्षीदार म्हणून सही माझी होती.

ते असं झालं. १९९४ साल. त्याचा बाप आजारी, मुंबईला नेऊन उपचार करायचे होते. गिऱ्हाईक आलं. त्यानं चाळीस गुंठे विकले आणि मागच्या बाजूचे सहा गुंठे स्वतःला ठेवले. भाजीपाला होईल, चार आंबे होते ते राहतील, असा विचार. कुळाची जमीन विकायला तेव्हा परवानगी लागायची, ती कामं मध्यस्थानं केली. खरेदीखताला दोन साक्षीदार लागतात. तो मला म्हणाला, "तू चल, तुला कागदातलं कलतं." त्याचे दहावीला गणित आणि इंग्रजी राहिले होते, मी पास झालो होतो, एवढाच फरक. कचेरीत गर्दी होती. कागद बऱ्याच पानांचा, टाईप केलेला. मध्यस्थानं बोट ठेवून दाखवलं, इथं सही करा. मी केली. मागची पानं उलटली नाहीत.

त्या कागदात मागच्या सहा गुंठ्यांच्या वाटेचा एक शब्द नव्हता. विकलेल्या जमिनीतूनच ती वाट जायची. दोन वर्षांनी गडग्याच्या जागी भिंत आली, फाटक आलं. सतरा नंबरला आपल्याच आंब्याकडं जायला दुसऱ्याच्या कुंपणावरून उडी मारायची पाळी. दुसऱ्या बाजूला ओढा. वर्षभर त्यानं विनवण्या केल्या, मग कंटाळून तेही सहा गुंठे त्याच माणसाला पडेल भावानं दिले. हे मला तेव्हा कळलं होतं. वाईट वाटलं, पण 'त्याचं नशीब' म्हणून मी माझ्या कामाला लागलो. माझ्या सहीचा आणि त्या भिंतीचा संबंध मी कधी जोडलाच नाही. की जोडायचा नव्हता, देव जाणे.

त्या दिवशी अंगणात त्यानं एवढंच विचारलं, "तू तो कागद वाचलावतास काय?"

मी म्हटलं, "नाही."

"मना वाटलावता तू वाचलास."

अठ्ठावीस वर्षं तो या समजुतीत होता की मी वाचून सही केली. म्हणजे मला ठाऊक असून मी बोललो नाही, असं त्याला वाटत होतं. आणि तरी रस्त्यात भेटला की राम राम करत होता.

घरी आलो, रात्री झोप लागली नाही. सकाळी गटावर लिहिलं. बंगला नको, शाळेतच जमू, आणि का ते सगळं लिहिलं. सहीचंही लिहिलं. बोटानं टाईप करायला मला तास लागला. दुपारपर्यंत कोणी काही बोललं नाही. एक जण म्हणाला, आगाऊ भरलेले पैसे बुडतील. मग मासळीबाजारवालीचा आवाजातला निरोप आला, "बुरू दे. मी दोन दिवसांची कमाई देतंय." तेवढ्यावर विषय मिटला. पैसे बुडाले ते बुडालेच.

२०२३ च्या जानेवारीतल्या रविवारी शाळेत जमलो. पंचवीस आले. आम्ही गाववाल्यांनी आदल्या दिवशी वर्ग झाडून काढला, संडासाला पाणी भरून ठेवलं. जेवणाला पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर माझ्या शेतातल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ आणि ओवा. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-गवत पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. मुंबईहून आलेल्यांच्या नातवंडांनी फोटो काढले, आम्ही खाल्लं.

आमचे गणिताचे सर आले होते, वय नव्वदीकडं. त्यांच्या हातात यादी दिली. ते उभं राहू शकत नव्हते, बसूनच हजेरी घेतली. वारलेल्यांचा नंबर आला की ते थांबायचे, कोणीतरी सांगायचं, ते पुढं जायचे. 'सतरा' म्हटल्यावर कोणी बोललं नाही. सरांनी वर बघितलं. मी म्हटलं, "सर, पाळी आहे त्याची." सरांनी गैरहजर लावलं नाही. रकाना रिकामा ठेवला.

तो दोन वाजता आला. सायकलवर, खाकी पँट तशीच, वर धुतलेला सदरा. रात्रपाळी सुटली पण दिवसाचा माणूस उशिरा आला म्हणे. सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "हजर, सर." सरांनी यादी मागून घेतली आणि खूण केली.

जेवणं झाल्यावर सावलीत बसलो. महसूल खात्यातला आमचा एकतीस नंबर, कारकुनाचा अव्वल कारकून होऊन निवृत्त झालेला. गटावर माझा मजकूर त्यानं वाचला होता. तो म्हणाला, "तुम्ही दोघं मूर्ख. वहिवाटीची वाट अडवली तर मामलतदार कोर्ट अधिनियम आहे, १९०६ चा. कलम ५. तहसीलदार अडथळा काढायला लावतो. फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. आणि मुळात वाटच नसली तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून वाट मागता येते. मी तेव्हा जिल्ह्यातच नोकरीला होतो. एक पोस्टकार्ड टाकलं असतंत तर?"

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. तो जिल्ह्यातच होता. पत्ता आमच्याकडं नव्हता. दहावी सुटल्यावर अडतीस जणांनी एकमेकांचे पत्ते ठेवलेच नव्हते. आमच्या आजांनी पंचवीस गावं एका शब्दावर सहा वर्षं धरून ठेवली होती, आणि आम्हाला शिकल्यासवरल्यांना एक वर्ग धरून ठेवता आला नाही.

सतरा नंबर मग म्हणाला, "जाव दे. आता कागद दाखवाचा तं कोनाला दाखवाचा ता समजला."

ती यादी मी परत आणली. आता प्रत्येक नावापुढं फोन नंबर आहे आणि तो माणूस कशातला जाणता आहे ते लिहिलंय. बँक, एसटी, दवाखाना, कचेरी. माझ्या ओटीवर खिळ्याला लावलेली असते, गावातलं कोणीही येऊन बघतं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर नऊ नंबरच्या शेताची वाट शेजाऱ्यानं तारेनं बंद केली. एकतीस नंबरनं अर्ज लिहून दिला. महिना उलटायच्या आत तो कचेरीत गेला, तारीख पडली. जायच्या आधी नऊ नंबर अर्ज घेऊन माझ्याकडं आला होता. सतरा नंबर तेव्हा ओटीवर होता. त्यानं चष्मा लावला, अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, पान उलटून मागं काही आहे का बघितलं, पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "आता कर सही."