एजंट हुशार आहे, म्हणून?

सॉफ्टवेअर करणाऱ्यांत सध्या एक मत ठामपणे मांडलं जातं. एआय एजंटला एखादं टूल वापरायला द्यायचं, तर त्यासाठी वेगळी माहिती लिहीत बसायची गरज नाही. एजंट स्वतः कोड वाचतो. चुकला तर आलेला एरर वाचून पुन्हा प्रयत्न करतो. लिहिलेली माहिती शिळी होते, कोड होत नाही. चुकीच्या माहितीपेक्षा माहिती नसलेली बरी. आणि पुढचं मॉडेल याहून हुशार येणारच आहे.

हा पूर्वपक्ष कच्चा नाही. हवामान विचारायचं, गाडीची वेळ बघायची, फाइलमधली नोंद शोधायची, एवढंच काम असेल तर तो बरोबरही आहे. एजंट चुकला तर दुसऱ्यांदा विचारेल. कुणाचं काही बिघडत नाही. अडचण पुढे आहे. या मतानं दोन गोष्टी न सांगता गृहीत धरल्या आहेत: चूक झाली की ती दिसते, आणि दिसली की ती निस्तरता येते.

पहिलं गृहीतक मावळातल्या एका कागदावर तपासू. जमिनीच्या कागदात क्षेत्र लिहिलंय १.२०. कागद जुना, एकर-गुंठ्यांतला असेल, तर चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे जमीन झाली दीड एकर. तोच आकडा दशांश एकर समजून वाचला तर एक एकर आठ गुंठे. बारा गुंठे गायब. आणि नव्या पद्धतीचे हेक्टर-आर असतील तर जवळजवळ तीन एकर. आता टूलच्या वर्णनात ‘क्षेत्र: संख्या’ एवढंच लिहिलं असेल, तर तिन्ही अर्थ चालतात. कोड तिन्हींना मान डोलावतो, एरर येतच नाही. मग एजंट सुधारणार कशावरून? कामशेत-वडगावकडचा मुरलेला माणूस कागद कधीचा आहे ते बघून काय ते ओळखतो. पण त्याच्या डोक्यातलं ते ज्ञान कोडमध्ये कुणी उतरवलेलं नसतं. इथे बुद्धी कमी पडलेली नाही, माहिती पोहोचलेली नाही. या दोहोंची गल्लत करण्यावरच सगळा पूर्वपक्ष उभा आहे.

दुसऱ्या गृहीतकासाठी लोणावळ्याहून खाली उतरू. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. चढण ३७ ला १. वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, हे खिडकीशी बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण घाटाची खरी शिस्त उतरणाऱ्या गाडीसाठी आहे. निघण्याआधी ब्रेकची तपासणी होते. वाटेत कॅच सायडिंग आहेत, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारे रुळांचे फाटे; सुटलेली गाडी तिथे चढून थांबावी म्हणून केलेले. सांधा एरवी या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. जोवर काही कळलेलं नाही, तोवर गाडी सुटलेली आहे असंच धरायचं.

हे नियम चालक अडाणी म्हणून केलेले नाहीत. कसलेल्या चालकालाही इंजिनात बसून शेवटच्या डब्याचा ब्रेक धरतो की नाही ते दिसत नाही, आणि प्रयोग करून शिकण्याची ही जागा नव्हे.

एजंटांच्या जगातही ही जाण हळूहळू येते आहे. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एजंटला टूल जोडण्यासाठीचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला. २०२५ मध्ये त्यात प्रत्येक टूलला काही खुणा जोडायची सोय आली: हे टूल नुसतं वाचतं की बदलही करतं, त्यानं काही नष्ट होऊ शकतं का, तीच आज्ञा पुन्हा दिली तर काम दोनदा होतं का. टूल लिहिणाऱ्यानं यातलं काहीच सांगितलं नाही तर? तर ते बदल करणारं आणि नासधूस करू शकणारं आहे असंच धरायचं. सांधा फाट्याकडे.

यातली शेवटची खूण सर्वांत दुर्लक्षित. लोणावळ्यातला बंगला शनिवारसाठी राखायची आज्ञा गेली, नेटवर्क तुटलं, उत्तर आलं नाही. एजंट शहाण्यासारखा पुन्हा आज्ञा देतो, आणि आगाऊ रक्कम दोनदा जाते. कोडमध्ये दोष नाही, एजंटमध्येही नाही. ‘उत्तर आलं नाही तर आधी नोंद झाली का ते बघा’ हे एक वाक्य कुणी लिहिलं नव्हतं. असं लिहिण्याची रीत मात्र जुनी आहे. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये आज्ञांच्या वर्णनाखाली ‘बग्ज’ नावाचा भाग असे. आपलं काम कुठे लंगडं आहे ते करणारेच लिहून ठेवत. आजच्या टूलांची वर्णनं बघा, बहुतेक नुसती आपल्या करामती सांगतात.

मग सगळंच लिहावं का? अजिबात नाही, तो दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा झाला. वर्णन लांबलं की एजंटसमोरच्या मजकुरात कामाचं वाक्य बुडून जातं. शिवाय लिहिलेलं वाक्य म्हणजे ब्रेक नव्हे. टूल पुरवणाऱ्या अनोळखी सर्व्हरनं दिलेल्या खुणांवर विसंबू नका, असं हा प्रोटोकॉलच बजावतो. नोंद कायमची पुसणारं टूल असेल तर ‘जपून वापरा’ लिहून भागत नाही. माणसाच्या मंजुरीवाचून ते चालूच नये, अशी तजवीज टूलमध्येच हवी. वर्णनाचं काम त्याआधीचं: एकक कोणतं, कशासाठी वापरू नये, काय परत फिरवता येत नाही, अर्धवट राहिलं तर पुढे काय.

राहिला शिळेपणाचा आक्षेप. शिळं होतं ते आतलं कसं चालतं याचं वर्णन, आणि ते कोडवर सोडावं हे पूर्वपक्षाचं म्हणणं मला मान्यच आहे. एककं आणि मनाया रोज बदलत नाहीत. बदलल्या, तर टूल बाहेर सोडण्याआधी कोड न दाखवता फक्त वर्णन नव्या एजंटच्या हाती द्यावं आणि १.२० असलेला एक कागद त्याला वाचायला लावावा. एकक कोणतं हे न विचारता त्यानं उत्तर दिलं, तर वर्णन परत लिहायला घ्यावं.