मूळ गाणं कोणाचं?

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत गणेशोत्सवाच्या मांडवातली कॅसेट गेली, सीडी येऊन गेली, आता कराओके आहे. दुसऱ्याच्या गाण्याला आम्ही ‘व्हर्जन’ म्हणायचो, नातवंडं ‘कव्हर’ म्हणतात. पण दुसऱ्याचं गाणं गायलं की ते लगेच कव्हर होतं का?

आपल्या सोलापूरचंच बघा. शाहीर रामजोशी पेशवाईतले. तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हतंच. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ चित्रपट आला, त्यात जयराम शिलेदारांनी रामजोशी रंगवले. अशी जुनी लावणी पुन्हा गायली तर ते कव्हर नव्हे, ती परंपरा. कव्हर व्हायला आधी कुणीतरी मुद्रित केलेलं गाणं हवं.

दुसरं गीतरामायण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर गदिमांची ५६ गीतं सुधीर फडक्यांच्या चालींत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा अनेकांनी गायली. पुढे बाबूजी स्वतःच सगळी गाऊ लागले. चाली त्यांच्याच, मग कव्हर कसं म्हणणार? पण आज बहुतेकांना त्यांचाच आवाज आठवतो, पहिल्या गायकांची नावं मागं पडली.

तिसरं ‘झिंगाट’. आपल्या करमाळ्याकडच्या ‘सैराट’चं (२०१६) हे गाणं २०१८ मध्ये ‘धडक’मध्ये हिंदीत आलं. संगीतकार तेच अजय-अतुल, पण शब्द नवे. म्हणजे हे रूपांतर झालं.

२०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा कव्हरविषयी स्पष्ट बोलतो. पहिल्या मुद्रणानंतर पाच वर्षं थांबायचं, हक्कदाराला मानधन आगाऊ द्यायचं, संमतीशिवाय शब्द-चाल बदलायची नाही. वेष्टनावर ‘कव्हर’ असं छापायचं आणि आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो लावून गिऱ्हाइकाची दिशाभूल करायची नाही. बँकेत आम्ही ठेवीची पावती दुसऱ्यांदा देताना तिच्यावर ‘डुप्लिकेट’ असा शिक्का मारायचो, तसंच हे. नक्कल करण्यात गैर काही नाही, ती अस्सल म्हणून खपवू नये एवढंच.

हे कलम ध्वनिमुद्रणासाठी आहे, आपल्या मांडवातल्या गाण्यासाठी नाही. तरी एक विनंती करतो. रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपली मुलं गातील तेव्हा निवेदकानं आधी गीतकार, संगीतकार आणि मूळ गायक ही तीन नावं घ्यावीत. अर्धं मिनिट लागेल. मग मुलांचं नाव खुशाल मोठ्यानं पुकारा, टाळ्या आम्ही वाजवूच.