कित्तूर, निपाणी आणि दत्तकाचा हक्क

बेळगावहून धारवाडकडे निघालं की कित्तूर लागतं, कोल्हापूरकडे निघालं की निपाणी. दोन्हीकडे देसायांची सत्ता होती. कित्तूर कंपनी सरकारशी लढलं, निपाणीने जुळवून घेतलं. शेवटी पोटचा वारस नाही म्हणून दोन्ही संस्थानं बुडाली.

कित्तूरचे मल्लसर्ज देसाई १८१६ मध्ये वारले. त्यांचा मुलगा शिवलिंगरुद्रसर्ज सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक गेला. घराण्याने शिवलिंगप्पा नावाच्या मुलाला दत्तक घेतलं. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने हे दत्तकविधान मानायला नकार दिला आणि खजिन्यावर पहारा बसवला. 'व्हॅनिटी फेअर' लिहिणाऱ्या थॅकरेचा हा काका.

मल्लसर्जांची राणी चन्नम्मा नमली नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्यासमोर झालेल्या लढाईत थॅकरे मारला गेला. स्टीव्हनसन आणि इलियट हे दोन अधिकारी राणीच्या कैदेत सापडले. डिसेंबरात कंपनीने मोठी फौज आणली. त्या चढाईत मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांचा पुतण्या पडला, पण किल्लाही पडला.

चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. दत्तकपुत्राला गादी मिळावी म्हणून राणीचा शिपाई संगोळ्ळी रायण्णा याने खानापूर-बिडीच्या रानात छापे घातले. १८३१ मध्ये त्याला नंदगडला फाशी दिली. मराठी बोलणाऱ्या या गावात त्याची समाधी आहे आणि आजही तिथे माणसं माथा टेकतात.

निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणकर, यांची वाट निराळी. १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर पुन्हा बसवायला कंपनीचा सेनापती वेलस्ली निघाला, तेव्हा आप्पासाहेबांचे घोडेस्वार त्याच्यासोबत होते. 'सरलष्कर' म्हणून त्यांचा दबदबा होता. चिकोडी-मनोळीच्या मुलखासाठी ते कोल्हापूरकर छत्रपतींशीही झुंजले. १८३९ मध्ये ते वारले आणि औरस वारस नसल्याने संस्थान खालसा झालं. वेलस्लीला केलेली जुनी मदत तेव्हा उपयोगी पडली नाही.

गव्हर्नर जनरल डलहौसीने १८४८ मध्ये सातारा खालसा केला, तो अन्याय शाळेच्या पुस्तकात असतो. बेळगावच्या मुलखाने तोच घाव चोवीस वर्षं आधी सोसला होता, हेही मुलांना शिकवायला हवं.

१८५७ च्या उठावानंतर सरकारला धोरण बदलावं लागलं. १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा मिळाल्या, त्यांत कोल्हापूरही होतं. त्याच हक्काने १८८४ मध्ये निपाणीशेजारच्या कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला: राजर्षी शाहू महाराज.